ठोके चुकणाऱ्या घरातली डबी

मी गोळ्यांची डबी बोलतेय. सात वारांचे सात कप्पे, एवढाच माझा संसार.

कारखान्यातून निघाले ती औषधाच्या दुकानात पडून राहिले. तिथून मला एका लेकीने उचललं. वडिलांच्या हातात ठेवत म्हणाली, "बाबा, तुमचे ठोके चुकतात. गोळ्या तरी चुकायला नकोत."

बाबांनी जन्मभर लोकांचे केस कापले, त्यामुळे बोलण्याची सवय. पण आता घरात ऐकायला कोण? लेक परगावी. मग रोज सकाळी मलाच म्हणायचे, "उघडा दार, औषधवाले आलेत."

संध्याकाळी मात्र वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका पत्ते खेळायला यायचे. एकदा बाबांचा खोकला थांबेना. काकांनी आपल्या उरलेल्या गोळ्या आणल्या.

"घे. मला लगेच आराम पडला होता."

"माझ्या हृदयाच्या गोळ्या चालू आहेत रे."

"खोकल्याचा नि हृदयाचा काय संबंध?"

बाबांनी एक गोळी तेव्हाच घेतली, उरलेल्या माझ्या पुढच्या कप्प्यांत ठेवल्या. मला झाकणं आहेत, जीभ नाही.

दुसऱ्या दिवशी पत्ते पिसता पिसता बाबा खुर्चीवरून कोसळले. काकांनी रुग्णवाहिका बोलावली आणि निघताना मला खिशात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा कप्पा उघडला. "ही गोळी कुणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"गोळी वाईट नाही. पण यांच्या औषधाबरोबर घेतली की ठोक्यांची लय बिघडते. ठोक्यांचा त्रास असणाऱ्याने साधं सर्दीचं औषधसुद्धा विचारूनच घ्यायचं."

त्या रागावल्या नाहीत. काकांना तेच जास्त लागलं.

बाबा वाचले. लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. आता तीच हातावर गोळ्या ठेवते. मला काकांनी परत आणून ठेवलं; मी इथेच, बाबांच्या बंद घरात, रिकामी, स्वयंपाकघराच्या फळीवर. किल्ली काकांकडे असते. ते येतात, कुंड्यांना पाणी घालतात, न बसताच जातात.

काल इथे असतानाच त्यांचा फोन वाजला. पलीकडे बाबा होते.

"फोन का करत नाहीस?"

"कुठल्या तोंडाने करू?"

"अरे, गिळली तर मीच ना. इथे सगळे कामाला जातात. दिवस खायला उठतो बघ."

 काका खुर्ची ओढून बसले. "खोकला कसा आहे?"

"गेला. विचारून औषध घेतलं."

मायेने दिलेली गोळीसुद्धा आधी विचारून घ्या, एवढंच माझं मागणं. काकांनी फोन ठेवला, माझ्यावरची धूळ बोटाने पुसली आणि बाहेरून कुलूप लावलं.