एकच व्यक्ती

"ताई, मला एक सांगा, एकच बाई एका दिवशी दोन ठिकाणी कशी असेल?" फिरत्या सिस्टर फोनवर हसत होत्या. "तुमच्या कॉम्प्युटरनं माझ्या पेशंटला पंख लावलेत."

सोमवारचे साडेदहा वाजले होते. फिरत्या सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य कार्यालयाच्या परिचारिका. कुठे साथीच्या रोगाचा पेशंट सापडला की त्याच्या घरी आणि हॉस्पिटलात जाऊन चौकशी करायची, घरातल्यांना गोळ्या द्यायच्या, हे त्यांचं काम. त्या वेळी त्या मोठ्या हॉस्पिटलच्या घटसर्पाच्या वॉर्डाबाहेर उभ्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"अहो, ही बाई गुरुवारपासून इथं आडवी आहे. कूस बदलायलासुद्धा माणूस लागतो. आणि तुमच्या फाइलमध्ये लिहिलंय की शुक्रवारी हिनं चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात जाऊन घशाचा नमुना दिला. मी तिलाच विचारलं, ती मानेनं नाही म्हणते. कुणाचा तरी रिपोर्ट हिला चिकटलाय. बघा जरा."

त्या सहज बोलल्या. रिपोर्ट आपोआप चिकटत नाहीत. ते मी चिकटवते.

माझं काम सांगायला सोपं आहे. एक माणूस आजारी पडला की तीन डॉक्टरांकडे जातो, मग आमच्याकडे त्याचे तीन रिपोर्ट येतात. तिघं आजारी आहेत असं धरलं तर साथ नसताना बोंब होते. उलट दोन वेगळ्या माणसांना एक धरलं, तर त्यातल्या एकाकडे कुणीच जात नाही. म्हणून कोण एक आणि कोण वेगळे हे कुणीतरी ठरवावं लागतं. चोवीस वर्षांपूर्वी आमच्या जुन्या साहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. म्हणाले, "तुम्ही घाबरट आहात. तुम्हीच करा."

खोटं नव्हतं ते. मी मुळातच भित्री भागूबाई. गॅस बंद केला की तीनदा बघते, कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर जाते. माझे यजमान म्हणतात, हिच्याबरोबर गाडी पकडायची तर आदल्या दिवशी निघावं. पण कागदाच्या जमान्यात ही भीती कामाला यायची. रजिस्टरमधलं एकही नाव मी फोन केल्याशिवाय खोडलं नाही. ऑफिसात मला खात्रीबाई म्हणायचे.

गेल्या वर्षी कॉम्प्युटरची नवी प्रणाली आली. हॉस्पिटलांचे, प्रयोगशाळांचे रिपोर्ट आता थेट आमच्या पडद्यावर येतात, रोगाप्रमाणे, भागाप्रमाणे लावलेले. पूर्वी पोस्टानं ज्याला आठ दिवस लागायचे ते आता अर्ध्या तासात येतं. सारख्या वाटणाऱ्या दोन नोंदी प्रणाली स्वतःच शेजारीशेजारी मांडते, खाली किती टक्के जुळतात ते लिहिते आणि दोन बटणं देते. एकच व्यक्ती. वेगळ्या व्यक्ती.

पहिले दोन महिने मी तिच्यावर पाळत ठेवली. तिनं "एकच व्यक्ती" सुचवलं की मी गुपचूप फोन करून बघायची. दरवेळी तिचंच खरं निघायचं. हळूहळू मी अर्धेच फोन करू लागले, मग दहातला एक, मग एकही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला ऑफिसात भीती वाटेनाशी झाली होती. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. घरी यजमान म्हणाले होते, "हल्ली तू रात्रीची शांत झोपतेस."

सिस्टरांचा फोन चालू ठेवून मी ती फाइल उघडली. दोन रिपोर्ट एकाखाली एक होते. पहिला गुरुवारचा, मोठ्या हॉस्पिटलचा. दुसरा शुक्रवारी घेतलेल्या नमुन्याचा, शनिवारी आलेला. आडनाव एक, पत्ता एक, फोन नंबर एक. जन्मतारीखही एकच, एक जानेवारी. पण दवाखान्याच्या खिडकीवर कुणी नुसतं वय सांगितलं की तिथला माणूस एक जानेवारीच टाकतो, हे मला चोवीस वर्षं माहीत होतं. आमच्या रजिस्टरात निम्मा गाव एक जानेवारीला जन्मलेला आहे. नावंही सारखीच, फक्त एकीच्या नावाच्या शेवटी काना आणि दुसरीच्या शेवटी वेलांटी. टायपिंगची चूक वाटावी इतकाच फरक. खाली लिहिलं होतं, जुळणी चौऱ्याण्णव टक्के.

आणि दोन्ही रिपोर्टांवर घटसर्प.

"सिस्टर," मी म्हटलं. "त्या घरात याच वयाची आणखी कुणी बाई आहे का?"

"मी शुक्रवारी घरी गेले होते तेव्हा सासू, सासरे, हिचे मिस्टर आणि दीर होते. सगळ्यांना गोळ्या दिल्यात. थांबा, हिचे मिस्टर इथंच आहेत, त्यांना देते."

फोनवर एक दमलेला आवाज आला. "बोला."

"तुमच्या घरात धाकटी जाऊ आहे का?"

"आहे की. माझ्या भावाची बायको. ती दहा दिवस झाले, माहेरी गेलीय, बाळाला घेऊन. का?"

"दोघींची नावं सारखी आहेत?"

"हो, जवळजवळ सारखीच. म्हणून घरात आम्ही थोरली, धाकटी म्हणतो. दोघींचं वयही एक. पण झालंय काय?"

"धाकटीला बरं नाही का?"

"तसं काही बोलली नाही. घसा धरलाय म्हणत होती. तिच्याकडं फोन नाही, दवाखान्यात माझाच नंबर देतात सगळे. पण मला तर कुणाचा फोन नाही आला."

कसा येणार. रिपोर्ट आल्यावर फोन करायचा तो मी पाठवलेल्या यादीवरून, आणि यादीत ती नव्हतीच. मी तिला तिच्या जावेत मिळवून टाकलं होतं. थोरली हॉस्पिटलात आहे, तिच्यावर उपचार चालू आहेत, म्हणजे फाइल निकालात. शनिवारपासून सोमवारपर्यंत त्या पोरीच्या घशात काय वाढत होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. घटसर्पाच्या विषावरचं औषध जितकं लवकर तितकं बरं. एकदा ते विष हृदयापर्यंत गेलं की औषधाचा हात पोचत नाही. हे आमच्या कार्यालयात झाडूवालीलाही पाठ आहे.

धाकटीच्या माहेरचा नंबर थोरलीच्या मिस्टरांनीच दिला. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आकडा चुकला आणि कुणीतरी भलताच माणूस खेकसला. मी मनात म्हणत होते, बाहेर गेली असेल, बरी असेल, म्हणूनच कुणी फोन घेत नाहीये. सातव्या वेळी एका वयस्क बाईंनी उचलला. तिची आई.

"ती झोपलीय," त्या म्हणाल्या. "उठवू का? कालपासून बोलता येत नाहीये तिला. पाणीसुद्धा नाकातून येतंय."

"मान सुजलीय का?"

"हो. दोन्हीकडून. तुम्हाला कसं कळलं?"

"आई, मी आरोग्य कार्यालयातून बोलतेय. तिला उठवू नका, चालवू नका. बाळाला तिच्यापासून लांब ठेवा. गाडी पाठवतेय. दार उघडं ठेवा."

"एवढं काय झालंय? दवाखान्यातले म्हणाले होते रिपोर्ट आला की फोन येईल. आम्ही फोनाचीच वाट बघत होतो."

"हाच तो फोन," मी म्हटलं.

गाडी निघाली, औषध मोठ्या हॉस्पिटलात तयार ठेवायला सांगितलं, आणि मग मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन मी उभी राहिले. मॅडम आमच्या अधिकारी. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कामाला वाघीण. त्यांनी सगळं ऐकलं आणि प्रणालीच्या इंजिनियरला बोलावलं. त्यानं लॅपटॉपवर दोनचार ओळी चाळल्या.

"जोडणी शनिवारी दुपारी झालीय," तो खाली मान घालून म्हणाला. "ताईंच्या नावानं. स्क्रीन उघडल्यापासून बटण दाबेपर्यंत चार सेकंद."

चार सेकंद. सोमवारच्या बैठकीआधी शिल्लक नोंदी शून्यावर आणायच्या होत्या. शनिवारी माझ्यासमोर एकशेसाठ जोड्या होत्या. मी शून्यावर आणल्या होत्या, आणि मॅडमनी सगळ्यांना माझं उदाहरण घ्या असं सांगितलं होतं.

"सुचवणी प्रणालीची होती ना?" मॅडमनी त्याला विचारलं.

"हो. पण ती सुचवणीच असते. शेवटी माणसानं बघायचं असतं."

"मग प्रणालीतली त्रुटी असं लिहा. जन्मतारखेचा नियम बदला. एक जानेवारी असेल तर जुळणीत धरायचीच नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता, त्याची मला जास्त भीती वाटली. "ताई, तुमच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. बाहेर कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. घरच्यांशीसुद्धा नाही. कळलं?"

मी मान हलवली. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय येतं.

त्या संध्याकाळी घरी यजमानांनी विचारलं, "आज चेहरा का असा?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यांनी बाम आणून दिला आणि समोर बसून राहिले. त्यांना कळलं होतं काहीतरी, पण त्यांनी खोदून विचारलं नाही. मंगळवारी मी दर तासाला हॉस्पिटलात फोन केला. श्वासासाठी नळी घातली, औषध दिलं, आता स्थिर आहे. स्थिर हा शब्द मी दिवसभर तोंडातल्या तोंडात घोळवला. बुधवारी दुपारी वॉर्डातल्या सिस्टरनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही आता फोन करू नका." हृदय बंद पडलं होतं. अठ्ठावीस वर्षांची होती. थोरली मात्र त्याच वॉर्डात उठून बसू लागली होती.

त्यानंतर मी काम करत राहिले. प्रत्येक जोडीसाठी फोन करत होते, शिल्लक नोंदी तीनशेवर गेल्या, कुणी काही बोललं नाही. टेबलावरचा फोन वाजला की मी तो लगेच उचलायची नाही. आज नाही तर उद्या कुणीतरी विचारेल, वर्तमानपत्रात येईल, माझं नाव येईल. आणि कुणीच विचारत नव्हतं, त्याचीही भीती वाटत होती.

बाराव्या दिवशी फोन आला.

"धाकटीचा नवरा बोलतोय," पलीकडचा माणूस म्हणाला. "बाळाचा दुसरा नमुना दिला होता. रिपोर्ट आला का बघता?"

मी पाहिलं. वय अकरा महिने. डोळे पडद्याला लावून नाव अक्षर न् अक्षर वाचलं, आईचं नाव वाचलं, नमुन्याची तारीख वाचली. "आलाय. काही नाही. बाळ चांगलं आहे. गोळ्या, म्हणजे ते पातळ औषध, उद्या संपलं की बंद करा."

"बरं झालं." मागे बाळ काहीतरी बडबडत होतं. "सोमवारी फोन करणाऱ्या तुम्हीच का? माझ्या सासूबाई सांगतात, कार्यालयातली एक बाई सारखी फोन करत होती, उचलेपर्यंत थांबली नाही. तुमचे उपकार आहेत. तुमच्यामुळं तिला निदान हॉस्पिटल तरी मिळालं. दुसरं कोण एवढं करतं?"

समोर काचेपलीकडे मॅडम कुणाशी तरी बोलत होत्या. मला फक्त "बरं" म्हणायचं होतं. एवढा एक शब्द बोलून फोन ठेवला असता तर त्या माणसानं जन्मभर माझं भलं चिंतलं असतं. माझी पाचावर धारण बसली होती. तरी तो शब्द तोंडातून निघेना.

"रिपोर्ट सोमवारी नव्हता आला," मी म्हटलं. "शनिवारीच आला होता. माझ्या समोर. मी तो तुमच्या वहिनींचा समजले आणि त्यांच्यात घातला. मी तेव्हा फोन करून विचारायला हवं होतं. नाही केला. कॉम्प्युटरनं नाही, मी."

पलीकडे बाळाची बडबड चालूच होती.

"शनिवारी किती वाजता?" त्यानं विचारलं.

"तीन वाजून दहा मिनिटांनी."

"शनिवारी," तो म्हणाला, आठवून आठवून बोलावं तसं. "सासूबाई सांगत होत्या, शनिवारी पाच वाजता ती भाजी आणायला गेली होती. चालत. बाळाला कडेवर घेऊन."

मी "हो" म्हटलं.

"थांबा, पेन घेतो." खुडबूड ऐकू आली, कुणीतरी बाळाला घेतलं असावं. "तुमचं नाव सांगा."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. मागे बाळ रडायला लागलं होतं, त्याला नीट ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश.