एकाच झाडाची बाग

चैत्र लागला होता. जाफराबादजवळच्या आपल्या आवळ्याच्या बागेत रखमाजी उभे होते. साठही झाडे फुलली होती, मधमाश्यांचा गुंजारव चालला होता, आणि पायांखाली पिवळसर फुलांचा सडा साचू लागला होता. हे चौथे वर्ष. बहर यायचा आणि एकही फळ न धरता मातीला मिळायचा.

त्यांच्या दिवंगत पत्नी गिरिजाबाईंनी शेताच्या कडेला लावलेला, दरवर्षी लगडणारा आवळा सात वर्षांपूर्वी रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. जाण्याआधी रखमाजींनी त्याच्या काड्यांवरून साठ कलमे बांधून घेतली. रोपवाटिकेचा माळी म्हणाला होता, "मधी दुसऱ्या जातीची धा झाडं घाला." रखमाजींनी त्याला गप्प केले, "मालकिणीच्या झाडात भेसळ न्हाई चालायची." त्याच भक्तीपोटी त्यांनी शेजारच्या बांधावरचा आसराबाईंचा बारीक, तुरट आवळाही गळ घालून तोडायला लावला होता.

मुलगा कल्याण आता थकला होता. "बाबा, आखाजीपर्यंत वाट बघतो. फळ धरलं न्हाई तर जेसीबी लावून मोसंबी घालतो." रखमाजींचा हात जवळच्या खोडावर गेला. पत्नीची तेवढीच खूण या भूमीवर उरली होती.

रविवारी नात तृप्ती आली. ती जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. भिंगातून तिने कितीतरी फुले निरखली.

"आजोबा, पराग बराबर पोचून राह्यलाय."

"मंग फळ का न्हाई?"

"पराग फुलाच्या टोकावर रुजतो, त्याची नळी आत उतरायला निघते. पण फूल त्याला ओळखतं. आपलाच निघाला की नळी वाटेतच अडवतं, बीजापर्यंत जाऊच देत न्हाई."

"आपला कसा? ह्या झाडाचा त्या झाडावर आलाय ना?"

"कलमं आहेत, आजोबा. दिसायला साठ. पण झाड एकच, आजीचं."

 सोयरीक जुळवण्याआधी दोन्ही कुळांची देवके पडताळून पाहायला पंचक्रोशी रखमाजींकडे येई. एकाच देवकाची किती स्थळे त्यांनी हात जोडून माघारी धाडली होती! जो नियम ते माणसांत सांभाळत आले, तोच एवढेसे फूल आपल्या अंतर्गृहात निःशब्द पाळत होते. आणि त्यांनी मात्र एकाच देवकाचे साठ जीव एकत्र नांदवून पाळणा हलण्याची वाट पाहिली होती.

"मंग जुन्या झाडाला कसं लागत होतं?" त्यांनी विचारले, पण तृप्तीने उत्तर देण्याआधीच त्यांची दृष्टी बांधावरच्या आसराबाईंच्या तोडलेल्या आवळ्याकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी स्नान करून, नारळ आणि कुंकू घेऊन ते आसराबाईंच्या अंगणात गेले.

"का हो भाऊजी, नारळ कशाला? माझ्या घरात उजवायची लेक न्हाई आता."

"सोयरीक मागायलाच आलो, वहिनी. तुमच्या आवळ्याची."

आसराबाईंनी सूप खाली ठेवले. "हलका म्हणून तोडायला लावल्ता ना तुम्ही? गिरिजाबाई ह्याच आवळ्याच्या लोणच्याला वाटी घेऊन यायच्या. इसरलात?"

"चुकलो."

 आसराबाई उठून स्वतःच बांधाकडे चालू लागल्या. जुन्या बुंध्यातून पुरुषभर उंचीचे धुमारे उठले होते, आणि ते फुलले होते. त्यांनी बुंध्याला कुंकू लावले. "मुंडकं उडवलं तरी फुटलाय बघा. न्या. फांद्या पाण्यात ठेवायला माझ्या घागरी देते, पण परत आणा; त्या तुमच्या बागेत रुजायच्या न्हाईत."

फुललेल्या फांद्या पाण्याच्या घागरींत घालून रखमाजींनी मधल्या ओळीत ठेवल्या आणि रोज पाणी बदलले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कल्याण तृप्तीला घेऊन बागेत आला. कडेच्या झाडांच्या डहाळ्या रित्या झाल्या होत्या. घागरींभोवती मात्र मोहरीएवढे हिरवे कण डहाळीला बिलगून होते. त्याने एकाला बोट लावले. कण पडला नाही.

"पावसाळ्यापर्यंत एवढेच राहतील," तृप्ती म्हणाली. "मंग वाढतील."

कल्याणने फोन काढून जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवले.

दरवर्षी घागरी पुरणार नव्हत्या. मधल्या ओळीतील दहा झाडांची डोकी उतरवून, नव्या फुटींवर आसराबाईंच्या आवळ्याचे डोळे बांधून कलम करायचे होते. कल्याणने करवत उचलली.

"न्हाई. पहिलं मी."

रखमाजींनी पहिल्या झाडाच्या खोडावर तळहात ठेवला. अनुज्ञा मागावी तसे ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी करवत लावली.