सहा बाराची गाडी

मालविका चार वर्षं सकाळी सहा बाराच्या गाडीने, त्याच डब्यातून कामाला जात होती. एवढ्या काळात तिने सोबतच्या कुणालाही ‘गुड मॉर्निंग’च्या पलीकडे काही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात तिची तीस वर्षं गेली होती. चार थेंबांवरून माणसाबद्दल बरंच कळतं, अशी तिची खात्री होती, आणि गाडीतली माणसंही ती त्याच खात्रीने वाचायची.

"सूपवाली नक्की एकटी राहते," संध्याकाळी ती नवऱ्याला सांगायची. "सकाळी सहाला थर्मासमधून सूप कोण पितं? आणि ती कुरळ्या केसांची मुलगी बसल्या बसल्या झोपते. रात्रभर पार्ट्या करत असेल, दुसरं काय."

शशिधर रिटायर झालेले फॅमिली डॉक्टर होते. "लोकांकडे असं टक लावून बघत जाऊ नकोस," ते म्हणायचे. "एखाद्या दिवशी कुणीतरी कम्प्लेंट करेल."

ऑक्टोबरमध्ये स्टेशनवर एक नोटीस लागली. डिसेंबरपासून सहा बाराची गाडी बंद. या गाडीला सरासरी सातच प्रवासी असतात, असं कारण दिलं होतं. पुढची गाडी सात पाचला होती आणि मालविकाची शिफ्ट सातला सुरू व्हायची. तिने बारीक अक्षरातला मजकूरही वाचला. प्रवाशांची मोजणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली होती. म्हणजे बँक हॉलिडेची सरकारी सुट्टी, शाळा बंद, निम्मं गाव सुट्टीवर.

ती गाडीत चढली आणि माणसं मोजली. नुसत्या तिच्या डब्यात एकोणीस होती.

त्या दिवसापासून तीन आठवडे ती रोज या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन मोजत राहिली. आकडा एकदाही एकेचाळीसच्या खाली आला नाही. तिने रेल्वे कंपनीला ईमेल केला. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत,’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. शशिधर म्हणाले, "अगं, रिटायर व्हायला तुझी दोनच वर्षं राहिली आहेत. शिफ्ट बदलून घे."

"का म्हणून?" मालविका म्हणाली. "चूक त्यांची, आणि शिफ्ट मी बदलायची?"

कंपनीने गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली होती. आदल्या दिवशी मालविका चालत्या डब्यात उभी राहिली. "माफ करा," ती मोठ्याने म्हणाली. काहींनी कानातले हेडफोन काढले. तिने नोटिशीबद्दल सांगितलं, मीटिंगची वेळ सांगितली आणि बसली. सूपवालीने थर्मासचं झाकण लावलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

हॉलमध्ये वीसेक माणसं होती. टाय लावलेला एक अधिकारी पडद्यावर तक्ते दाखवत होता. मालविका उभी राहिली.

"तुमची मोजणी चुकीच्या आठवड्यात झाली आहे."

"प्रश्न शेवटी घेऊ या, मॅडम. प्लीज बसा."

"हा प्रश्न नाही. आणि मी उभीच राहते."

अधिकारी हसला आणि पुढच्या तक्त्याकडे वळला. मालविका खरोखरच उभी राहिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गुडघा दुखायला लागला. मागे कुणीतरी कुजबुजलं, पण ती हलली नाही. शेवटी अधिकाऱ्यालाच राहवेना. "बोला," तो म्हणाला.

"मी लॅबमध्ये काम करते," ती म्हणाली. "रक्ताचा नमुना चुकीच्या वेळी घेतला, तर आम्ही तो फेकून देतो आणि नवा घेतो. चुकीच्या रिपोर्टवर पेशंटचं औषध बंद करत नाही. तुमची गाडी मी रोज मोजली आहे, ही यादी. आणि ते नुसते आकडे नाहीत. त्या गाडीत एक एकटी बाई आहे, तिला..."

"एकटी कोण? मी?"

सूपवाली मागच्या रांगेतून उठली.

"माझं नाव डेलोरेस. घरी नवरा आहे, तीन मुलं आहेत," ती अधिकाऱ्याकडे बघून म्हणाली. "मी बस चालवते. सात वीसची बस डेपोतून मी काढते, आणि अकरापर्यंत मला ब्रेक नसतो, म्हणून गाडीत खाऊन घेते. मी पोचले नाही तर माझ्या बसचे साठ लोक स्टॉपवर उभे राहतील. त्यांना तुमच्या कुठल्या तक्त्यात धरलंय?"

कुरळ्या केसांची मुलगीही आली होती. ती मायरा. एका पाळणाघराचं दार ती रोज सातला उघडायची, लवकर कामावर जाणाऱ्या आईबापांसाठी. घरी पाच महिन्यांचं बाळ होतं, म्हणून गाडीत डोळा लागायचा. मालविकाने खाली बघितलं. आपण या पोरीबद्दल काय काय बोललो, ते तिला आठवलं. मग तिने मान वर केली.

"माझे अंदाज चुकले," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते. आता तुमचाही चुकला, हे तुम्ही सांगा."

त्याने हात पुढे करून यादी घेतली.

नोव्हेंबरच्या शेवटी कंपनीने पुन्हा मोजणी केली आणि निर्णय कळवला: गाडी मंगळवार, बुधवार, गुरुवार चालू राहील. सोमवार आणि शुक्रवार बंद.

"पाचातले तीन दिवस मिळाले की," शशिधर म्हणाले. "चांगलं झालं. आता थँक यूचा ईमेल टाक आणि सोड."

"शुक्रवारी लोक आजारी पडायचे थांबतात का हो?" मालविकाने विचारलं. "तुम्ही तर डॉक्टर आहात."

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं आणि हसले. मग उठून तिच्यासाठी चहा टाकायला गेले.

मंगळवारी गाडीत डेलोरेसने बाजूच्या सीटवरची बॅग उचलली आणि मालविकाला बसायला जागा केली. समोर मायरा लॅपटॉप उघडून बसली होती. खासदारांना लिहायचं पत्र अर्धं झालं होतं.

"‘नम्र विनंती’ लिहू का?" मायराने विचारलं.

"नम्र काढून टाक," मालविका म्हणाली.