चंदीचं पत्र आणि लिफ्टचा ठराव

इतिहास जपणारी माणसं असतात म्हणूनच राष्ट्रं उभी राहतात, असं बुद्धभूषण पगारे सरांचं मत होतं. राष्ट्रांचं ठाऊक नाही, पण या मतापायी त्यांच्या बायकोचा, चैतालीताईंचा, नवा फ्रिज तीन उन्हाळे लांबला होता.

फ्रिजऐवजी घरात एक पत्र आलं होतं. अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एका गृहस्थाचं. नाव सांगितलं तरी सर राहायचे त्या पाथर्डी फाट्यावर कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे, म्हणून सरांनी नाव सांगणं सोडलं होतं. पत्रात घोड्यांची चंदी, म्हणजे दाणा, अजून का पोचली नाही, अशी दोन ओळींची विचारणा. खाली झोकदार सही. पुढे अर्धा कागद कोरा.

हे पत्र एकदा तरी कुणीतरी नीट बघावं, एवढीच सरांची इच्छा होती. नुसत्या पत्रासाठी कुणी फिरकत नाही हे अनुभवाने कळलं होतं, म्हणून संविधान दिनी सोसायटीच्या लिफ्टच्या सभेआधीचा अर्धा तास त्यांनी मागून घेतला. पत्र प्लॅस्टिकमध्येच राहू द्या, असं चैतालीताईंनी बजावलं होतं. प्लॅस्टिकमधून इतिहास दिसत नाही, असं म्हणून सरांनी हॉलच्या दाराशी टेबलावर ते उघडंच मांडलं, अभिप्रायासाठी पेन ठेवलं आणि विसरलेली वही नि भिंग आणायला घरी गेले.

परत येईतो हॉल भरला होता. दाराशी टेबल, टेबलावर कागद, वर एक सही, शेजारी पेन. आलेल्या प्रत्येकाने मुकाट खाली सही ठोकली होती. निकितावहिनींनी नवऱ्याकरिताही केली होती. सोसायटीत फ्लॅट घेतलेल्या दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदाराने 'पाणी कमी येते' अशी तक्रारही नोंदवली होती. वाचलं कुणीच नव्हतं.

"अहो, हे दोनशे वर्षांपूर्वीचं..." सर कसेबसे म्हणाले.

सेक्रेटरी नवनाथभाऊ सह्या मोजत होते. कोरमअभावी लिफ्टचा ठराव दोनदा बारगळला होता.

"सर, ही पहिली सही कुणाची? फ्लॅट नंबर नाही टाकला."

"ते अमेरिकेत असायचे."

"मालकच ना? मग चालतं. आता एकच कमी पडते. तुमची करून टाका."

सरांनी चैतालीताईंकडे बघितलं. त्यांनी पंख्याकडे. मग सरांनी भिंग खिशात घातलं आणि उरलेल्या कोऱ्या जागेत सही केली.

नवनाथभाऊंनी कागदाला दोन भोकं पाडली, तो फायलीत अडकवला आणि ठराव मंजूर करून घेतला.

पगारे सर तळमजल्यावर राहतात.