भावंडं किती

"गुरुजी, तुम्ही सारखं 'फ्रँक बोला' म्हणता. त्या फ्रँकचा अर्थ काय?"

सिंधू विचारून बसली आणि मागच्या बाकावर तिची मैत्रीण जयवंता हिने पदरात हसू दाबलं. पैज तिनेच लावली होती. गुरुजी हा शब्द छडी हातात घेऊनच उच्चारत, त्यामुळे बारामतीच्या त्या वर्गात त्याचा अर्थ विचारायला कुणी धजावलं नव्हतं.

पण गुरुजी चिडले नाहीत. छडी टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं, की फार पूर्वी फ्रँक नावाच्या लोकांनी दुसऱ्यांचा मुलूख जिंकला. तिथे मोकळे म्हणून तेवढेच, बाकीचे सगळे ताबेदार. ज्याच्यावर कुणाचा ताबा नाही तो मनातलं उघड बोलतो, म्हणून तसं बोलणाऱ्याला त्यांचंच नाव पडलं.

"आणि बाकीचे? ते काय बोलायचे?"

"मालकाला आवडेल तेवढंच," गुरुजी म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

जळोची या आपल्या गावापर्यंत सिंधू तोऱ्यात चालत आली. घरी थोरली बहीण सारजा गाठोडं बांधत होती. हातांवर कोड उठलं तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. मळ्यातली वांगी तीच तोडायची, बाजाराला मात्र आई जायची. सारजाचे हात दिसले तर गिऱ्हाईक यायचं नाही, अशी आईला धास्ती.

उद्या वरकुट्याचे पाहुणे सिंधूला बघायला येणार होते. वडिलांनी, अप्पांनी, त्यांना एकच लेक सांगितली होती. म्हणून आक्काची आजच लोणी भापकरला, मामाकडे रवानगी होती.

आक्काने सिंधूला पाटावर बसवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाहुण्याचा घोगरा आवाज काढला.

"सैपाक येतो का, पोरी?"

"येतो की. एकदा जेवलं तर पाहुणं परत वरकुट्याला जायचं न्हाईत."

चुलीपाशी आईसुद्धा हसली.

"भावंडं किती?"

सिंधू पाटाच्या कडेवर नख ओढत राहिली.

"एकलीच म्हण," आक्का आता आपल्याच आवाजात म्हणाली. "त्यात काय एवढं? तुझं नांदणं झालं म्हंजी मला बी बरं वाटंल." बोलता बोलता तिचे हात पदराआड गेले. तिने पुन्हा घसा घोगरा केला. "भावंडं किती?"

बाहेर गाडी जुंपून अप्पा आत आले. सिंधूचं तोंड बघून ते आईला म्हणाले, की हे स्थळ हातचं गेलं तर दोघी बी घरातच ऱ्हातील, हे तिला समजाव. मग त्यांनी गाठोडं उचललं. आई चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत बसली.

सिंधू पाटावरून उठली आणि आई-अप्पा दोघांना ऐकू जाईल असं बोलली.

"उद्या इचारलं तर मी दोघी सांगणार. थोरली सारजा, लोणीला मामाकडं हाय, हे बी सांगणार. मग तिला धाडायचं का न्हाय, ते तुमीच बघा."