थेल्मासाठी एक चेहरा

धातू शोधायचं यंत्र घ्यायला लावलं ते थेल्मानेच. "दिवसभर माझ्या उशाशी बसून उसासे टाकतोस," ती म्हणाली होती, "त्यापेक्षा शेतात जाऊन टाक. तिथे निदान कावळे तरी ऐकतील."

नेव्हिल कॅटरमोलने आयुष्यात बायकोचा शब्द कधी मोडला नव्हता. कुणाचाच मोडला नव्हता म्हटलं तरी चालेल. इप्सविचच्या बसडेपोत वेळापत्रकं लावण्यात त्याची नोकरी संपली, आणि एवढ्या वर्षांत वरिष्ठांना एक प्रश्न विचारायचा तरी तो आधी घरी आरशासमोर म्हणून बघायचा. असा माणूस कानाला हेडफोन लावून, काठीच्या टोकाची ताटलीएवढी चकती जमिनीवरून झाडू मारल्यासारखी फिरवत नांगरटीतून चालू लागला तेव्हा गावात थोडं हसू झालंच.

शेत मिसेस गॅरडचं होतं, चर्चमागच्या उतारावरचं. शुगरबीट निघालं होतं, नांगरट झाली होती, गहू पेरायचा होता. मधले थोडे दिवस जमीन उघडी. परवानगी मागायला नेव्हिल फाटकाशी तीनदा जाऊन परत आला होता. चौथ्यांदा बाईंनीच त्याला हाक मारली.

"कॅटरमोल, फाटकाला रंग द्यायला आलायस का? नाही ना? मग बोल."

तो बोलला.

"खड्डे बुजवून जायचं, फाटक लावून जायचं, आणि काही सापडलं तर दाखवून जायचं. एवढं करशील तर मला पुन्हा तोंड दाखवायची गरज नाही."

त्याच शेतात रविवारी डेरेक गुडरम यायचा. धातू शोधणाऱ्यांच्या मंडळातला तो जुना खेळाडू. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून मोठा. त्याच्या टोपीवर पंधरा-वीस बिल्ले होते आणि प्रत्येक बिल्ल्याची गोष्ट होती.

"चकती खाली धर गड्या, खाली! जमिनीला इस्त्री करतोयस असं समज. हवेत फिरवलीस तर फक्त चिमण्या सापडतील."

नेव्हिल चकती खाली धरायचा. यंत्र कुरकुरलं की लोखंड, किणकिणलं की दुसरं काही, एवढं तो शिकला. किणकिणलं की गुडघ्यावर बसायचं, कुदळीने मातीचं ढेकूळ उलथायचं, हाताने फोडायचं. आत निघायचा बिअरच्या डब्याचा कान, काडतुसाचं पितळी बूड, शिशाचा गोळा, बटण. मग खड्डा बुजवून, पायाने दाबून पुढे. गुडघे रात्री ठणकायचे. पण संध्याकाळी घरी न्यायला काहीतरी असायचं, आणि खरा उद्योग तोच होता.

साखरेच्या आजाराने थेल्माची नजर दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिने जन्मभर पडदे आणि सोफ्याचे अभ्रे शिवले होते; कापड कुठलं हे ती अंधारातसुद्धा चिमटीत धरून सांगायची. त्यामुळे नजर गेल्यावर ती फार रडली नाही. "हात आहेत ना," म्हणाली. रोज संध्याकाळी नेव्हिल दिवसभराचा माल धुऊन तिच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि ती एकेक वस्तू ओळखायची.

"डब्याचा कान. हाही डब्याचा कान. काय रे, शेतात काय फक्त बिअर पेरतात? हे बटण. चार भोकं, विजारीचं. कुणाची तरी विजार गळाली बिचाऱ्याची." आणि ती हसायची. तिचं ते हसू ऐकायला नेव्हिल मातीत गुडघे टेकायचा.

एकदा ती म्हणाली, "माणसांचे चेहरे पुसत चाललेत माझ्या डोक्यातून. आईचा गेला. तुझाही अर्धामुर्धाच राहिलाय."

नेव्हिलने खुर्ची पुढे ओढून आपलं तोंड तिच्या हाताशी नेलं. तिने चाचपून पाहिलं आणि हात काढून घेतला. "यात काय कळणार? सगळं लोंबतंय. मला न हलणारा चेहरा हवा. नाण्यावरचा. कुणी राजा असेल, राणी असेल, मला काय त्याचं. नाक, हनुवटी, डोकं. माझ्या बोटांनी एक चेहरा नीट वाचायचाय."

"का?" नेव्हिलने विचारलं.

"का म्हणजे? अजून वाचता येतोय का ते बघायला."

तेव्हा त्याला तिच्या बोलण्याचा रोख पुरता कळला नाही. तो कळला पुढच्या आठवड्यात, त्याला शिवताना बोटावर चढवायचं एक अंगुस्तान सापडलं तेव्हा. पितळेचं, बारीक खळ्यांचं, कडेला थोडं चेपलेलं. आज बाईसाहेब खूश होणार म्हणून त्याने ते ट्रेच्या मधोमध ठेवलं. थेल्माने ते उचललं, उजव्या हाताच्या बोटांत फिरवलं, डाव्या हातात घेतलं, परत उजव्यात घेतलं.

"काडतुसाचं बूड," ती म्हणाली.

चाळीस वर्षं जिच्या बोटावर अंगुस्तान होतं ती बाई हे म्हणाली. नेव्हिल म्हणाला, "हो. काडतूसच." फार पटकन म्हणाला.

बधिरपणा पायांपासून सुरू झाला होता. मग डावा हात. आता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, एवढंच तिच्याजवळ जग उरलं होतं, आणि तेही निघालं होतं. घरी येणाऱ्या नर्सबाई याला एक लांबलचक नाव सांगत आणि थेल्माच्या खांद्यावर थोपटत. थेल्मा म्हणायची, "खांद्यावर थोपटा बाई, तिथलं कळतं अजून."

त्या दिवसापासून नेव्हिल शेतात उसासे टाकायला जाईनासा झाला. तो चेहरा आणायला जाऊ लागला. पावसातही जायचा. हेडफोनवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, उताराची एकेक पट्टी चालायची, वळायचं, पुन्हा चालायचं. मिसेस गॅरडचा ट्रॅक्टर पेरणीयंत्र जोडून अंगणात उभा राहिलेला त्याला फाटकातून दिसायचा.

नाणं सापडलं ते कुंपणालगत, जिथे डेरेक कधी फिरकत नसे. किणकिण इतकी क्षीण होती की आपणच ती मनात वाजवली असं त्याला वाटलं. ढेकूळ फुटलं आणि नखाएवढी हिरवी-तपकिरी चकती तळहातावर पडली. पुसायची नाही, एवढं डेरेकने बजावलं होतं. त्याने पुसली नाही. भिंग काढलं. मातीच्या कवचाखालून एक माणूस उजवीकडे बघत होता. सरळ नाक, दाढी, आणि डोक्यावर सूर्याच्या किरणांसारखे टोकदार काटे असलेला मुकुट. कडेला दोन-तीन अक्षरंही. नेव्हिल चिखलात तसाच बसून राहिला.

घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता त्याने ते थेल्माच्या हातात दिलं. ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

"काहीतरी आहे," ती म्हणाली. "हे नाक का? का मातीच आहे नुसती? खरखरीत लागतंय सगळं, नेव्ह. साफ करून आण. मग सांगते तुला साहेब कोण आहेत ते."

तिचा चेहरा उजळला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. डेरेकने नाणं दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं आणि परत दिलं. चष्मासुद्धा लावला नाही.

"ग्रॉट."

"म्हणजे?"

"रोमन कचरा, राजा. झिजलेलं तांब्याचं नाणं. माझ्याकडे घरी बरणीभर आहेत. पण पहिलंच आहे ना तुझं? मग जप. भिजत घाल."

भिजत घाल. कशात, हे विचारायचं नेव्हिलच्या अगदी ओठावर आलं होतं. पण डेरेकच्या कानावर हेडफोन चढले होते, तो चालू लागला होता, आणि मंडळातले आणखी दोघे कुंपणापाशी थर्मासमधला चहा पीत याच्याकडेच बघत होते. एवढंही माहीत नाही म्हणतील. विचारू, घरी जाऊन फोन करू, असं ठरवून तो परतला आणि त्याने फोन केला नाही.

तांब्याची किटली थेल्मा व्हिनेगर आणि मीठ घालून चकाचक करायची. ते त्याने जन्मभर पाहिलं होतं. सोमवारी सकाळी नर्सबाई आतल्या खोलीत थेल्माचे पाय तपासत असताना त्याने चहाच्या बशीत व्हिनेगर ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि नाणं हलकेच आत सोडलं. बारीक बुडबुडे आले. हिरवा धूर पाण्यात सुटावा तसं काहीतरी नाण्याच्या कडेने सुटू लागलं. त्याला बरं वाटलं. घाण जातेय, तो मनाशी म्हणाला.

नर्सबाईंना दारापर्यंत पोचवून तो परत आला तेव्हा बशीतलं व्हिनेगर गढूळ हिरवं झालं होतं आणि तळाला तपकिरी पापुद्रे पडले होते. त्याने नाणं चमच्याने उचललं, नळाखाली धरलं.

गुलाबी तांबं. गोटीसारखं गुळगुळीत. त्याने उलटून पाहिलं, तिकडेही तेच. भिंग आणलं. भिंगाखाली खड्डेच खड्डे, देवीच्या व्रणांसारखे. नाक नव्हतं. दाढी नव्हती. मुकुटाचा एक काटा आहे असं वाटलं, पण तो ओरखडा होता. मग त्याने बशीतले पापुद्रे बोटाने गोळा करायचा प्रयत्न केला, आणि ते बोटावर चिखल होऊन विरघळले.

डेरेक घरीच होता, मोटारीखाली निजलेला. नेव्हिलने त्याच्या बुटांशी उभं राहून सगळं सांगितलं. डेरेक बाहेर आला, नाणं पाहिलं, आणि त्याचा मोठा आवाज कुठेतरी गेला.

"व्हिनेगर?"

"तू म्हणालास, भिजत घाल."

"अरे, शुद्ध पाण्यात! नाहीतर ऑलिव्हच्या तेलात. महिने न् महिने. कुणीही सांगितलं असतं तुला, विचारायचंस तरी!" मग नेव्हिलचा चेहरा पाहून तो जरा नरमला. "हे बघ, एवढी वर्षं मातीत राहिलं की तांबं आत कुजतं. चेहरा राहतो तो वरच्या हिरव्या सालीत. फक्त सालीत. ती गेली की खाली काही नसतं. तू माणसाची कातडी सोललीस आणि खाली माणूस शोधतोयस."

"मला दिसला होता तो," नेव्हिल म्हणाला. "काट्यांचा मुकुट होता. अक्षरं होती."

"अक्षरं? मग ते ग्रॉट नव्हतं गड्या. काल बोलायचं नाही का तोंडाने?"

"तू ग्रॉट म्हणालास."

"मी म्हणालो!" डेरेक म्हणाला. "मी काय देव आहे? चष्मा नव्हता डोळ्यांवर." तो थोडा वेळ हातातल्या फडक्याने बोटं पुसत राहिला. "माझ्या बरणीतलं एक घेऊन जा. घे दोन."

नेव्हिलने बरणी उपसून पाहिली. खरंच कचरा होता. एकावरही नाक नव्हतं.

परतताना चर्चच्या उतारावरून ट्रॅक्टर चाललेला दिसला. पेरणीयंत्रामागे पांढऱ्या पक्ष्यांची रांग होती. तो थांबला नाही. थांबून काय बघायचं होतं?

घरात शिरताच तिची हाक आली. "झालं का साफ? व्हिनेगरचा वास सुटलाय घरभर. मला वाटलं, दुपारी मासे आहेत, व्हिनेगर शिंपडून."

तो तिच्यासमोर बसला. रस्त्यात त्याने बरंच काही ठरवलं होतं: हरवलं म्हणून सांगू, मिसेस गॅरडने ठेवून घेतलं म्हणून सांगू. पण तिने हात पुढे केला होता, तळवा वर करून, आणि त्या हातावर नाणं ठेवण्यावाचून त्याला दुसरं काही सुचलं नाही.

थेल्माने अंगठा फिरवला. मग तर्जनी. मग नाणं उलटलं. मग ओठांवर घासून पाहिलं. खोलीत गॅसच्या शेगडीचा सूं सूं आवाज तेवढा होता.

"नेव्ह," ती अगदी हळू म्हणाली, "गेली बोटं."

"नाही! थेल्मा, बोटं नाहीत गेली. नाणं गेलं. मी घालवलं. व्हिनेगरमध्ये टाकलं, चेहरा सालीत असतो म्हणे, मला माहीत नव्हतं, साल निघून गेली. ते गुळगुळीतच आहे. माझ्या बोटांनाही गुळगुळीतच लागतंय. तुझी बोटं शाबूत आहेत."

जन्मात तो एका दमात एवढं बोलला नव्हता. तेच नडलं. थेल्मा हसली, पण बटणाच्या गोष्टीवर हसली होती तसं नाही.

"त्या दिवशी ते अंगुस्तान होतं ना?"

नेव्हिल खुर्चीत मागे सरकला.

"फार लवकर हो म्हणालास. रात्री पडल्या पडल्या कळलं मला. तेव्हाही माझ्यासाठीच खोटं बोललास, आताही बोलतोयस. राहू दे रे. इतकं समजावू नकोस मला."

"देवाशपथ खरं सांगतोय. डेरेकला विचार. फोन लावून देतो."

"त्याला पढवूनच आला असशील."

नेव्हिल उठला, पुन्हा बसला, कोटाचे खिसे उलटे केले. किल्ल्या, गोळ्यांची पट्टी, दहा पेन्सचं एक नाणं. नाणं त्याने तिच्या हातात कोंबलं. "हे बघ. हे तर साधंच आहे. यावर चेहरा आहे, ठळक आहे. हे वाच. वाच आणि सांग, मग कळेल तुला. कळेल की..."

"ओरडू नकोस, कळतंय."

तिने नाणं चिमटीत धरलं. मान किंचित कलती करून, पूर्वी कापड पारखताना करायची तशी. अंगठा सावकाश पुढे गेला, मागे आला, एका जागी थांबला. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या आणि तिने त्याच्या दिशेला तोंड वळवलं.

"राणी," ती म्हणाली. "कळली. नाकसुद्धा कळलं. तुझंच खरं होतं, नेव्ह."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. नाणं उलटं होतं. अंगठा फिरत होता तो मागच्या, आकड्याच्या बाजूवरून. राणी खाली होती, तर्जनीच्या बाजूला, आणि ती तर्जनी हलतसुद्धा नव्हती.

"हो," तो म्हणाला, "राणीच," आणि या वेळी त्याने ते सावकाश म्हटलं.