नऊशे रुपयांचं खोटं नाव

मी सिरॅमिक कार्ट्रिज बोलतोय. रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला सुईवाला चिमुकला डबा बसतो ना, तोच. किंमत चाळीस रुपये. तिची मला लाज नाही. संताप आहे तो मला चिकटवलेल्या दुसऱ्या किमतीचा.

माझा जन्म वालीवच्या एका गाळ्यात, सत्त्याण्णव साली. चांदीपहून कामाला येणाऱ्या शकूने भिंगातून बघत माझी सुई बसवली. मी पेटीतल्या स्वस्त प्लेअरसाठी होतो. दाबून, जोरात वाजणं हा माझा धर्म; सुईवर सहा ग्रॅम वजन लागतं मला. मॅग्नेटिक कार्ट्रिजची जातच वेगळी. त्याचं दोन ग्रॅममध्ये भागतं, आवाज नाजूक, किंमत आठ-नऊशे. आणि त्याची सुई मोडली तर नुसती सुई बदलता येते, दीडशे रुपयांत.

हे हरेशला पक्कं ठाऊक होतं. वसई स्टेशनजवळच्या त्याच्या दुकानात एकदा गिरीजचे मार्सेल आले. केळीची वाडी करणारे सत्तरीचे गृहस्थ. त्यांच्या मॅग्नेटिकची सुई मोडली होती.

"अंकल, अख्खा पीस गेला," हरेश म्हणाला. "हा घ्या. इम्पोर्टेड. सेम टू सेम."

माझ्यावर परदेशी लेबल त्याने आधीच चिकटवून ठेवलं होतं. नऊशे रुपये घेतले आणि त्यांचा धडधाकट जुना कार्ट्रिज स्वतःच्या खणात टाकला. मी काय बोलणार? सुई टेकल्याशिवाय मला वाचा नाही.

मार्सेलकडे एक रेकॉर्ड होती. त्यांच्या बायकोने, बेलाने, तरुणपणी म्हटलेली लग्नातली गाणी, हौसेने एका स्टुडिओत करून घेतलेली. दुसरी प्रत नाही. बेला जाऊन चार वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी मी कर्कश वाजलो. मार्सेलनी हरेशला फोन केला.

"नवीन आहे अंकल, बसेल. दांडीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवा."

साधा माणूस. ठेवलं नाणं. आठवडाभर रोज संध्याकाळी मी बेलाच्या आवाजावरून नांगर फिरवला. तिच्या वरच्या सुरांची नुसती खरखर झाली. मार्सेल पुढे वाकून ऐकत. त्यांना वाटे, आपलेच कान गेले.

आठव्या दिवशी माझ्या लेबलाचा कोपरा सुटला. खाली छापलं होतं, वालीव.

विचारत विचारत मार्सेल गाळ्यावर पोचले. शकूने मला भिंगाखाली धरलं.

"काका, हा माझाच हात. कोनी विकला तुमाला? चाळीसचा हाय हा. चांगल्या रेकॉर्डवर घालायचा नसतो, खाऊन टाकतो."

मार्सेल म्हणाले, "खाल्लं गं बाय."

शकू अर्धा दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर दुकानात गेली. हरेश हसला. "स्क्रूची भोकं जुळली ना अंकल? मग सेमच की." शकूने आवाज चढवला, तसं त्याने नऊशेच्या नोटा काउंटरवर आपटल्या. "घ्या. विषय संपला."

"माझा जुना दे," मार्सेल म्हणाले. खणातून काढून द्यावाच लागला.

नवी सुई घातल्यावर त्या नाजूक कार्ट्रिजने रेकॉर्ड वाजवली. त्याला तरी काय सापडणार? मी पाडलेले चरे.

आता दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटपली की मार्सेल त्या दुकानासमोर उभे राहतात. तळहातावर मी. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात, "हा चाळीसचा. वाईट नाही, पण चाळीसचाच. भारीतल्याची सुई मोडली तर सुईच मागा." हरेशने एकदा चहा पाठवला. त्यांनी तो गटारात ओतला.

मलाही निवायचं नाही. तुम्ही मला जरूर घ्या, पण माझ्या नावाने, माझ्या किमतीला. हरेशसारखे दुकानदार 'सेम टू सेम' म्हणाले तर तिथून चालते व्हा.

शेजारीपाजारी मार्सेलना समजावतात, "सोडा आता, पैसे मिळाले ना परत?"

मार्सेल त्यांच्याकडे रोखून बघतात. "तुम्ही बेलाला गाताना ऐकलं होतं का?"